आप्पांची गळकी पडवी

सारंगखेड्यात कुणाच्या घरात काय शिजतंय हे आधी पितांबर आप्पांना कळायचं, मग त्या घरच्या बाईला. तेव्हा यंदा पावसाळ्यात त्यांचीच नवी पडवी चाळणीसारखी गळायला लागल्यावर आप्पा गप्प बसतात होय? पत्रे होळीनंतर नवापूरकडच्या योसेफनं टाकलेले. आप्पांनी चहाच्या टपरीवर त्याची पार सालं काढली. "ठग शे तो, ठग!" ते ऐकून हेमकांतभाऊंनी आपल्या गोठ्याचं योसेफला दिलेलं काम काढून घेतलं.

निरोप जाताच योसेफ शिडी घेऊन आला. त्याची फजिती बघायला आप्पांनीच चार माणसं जमवली होती, हेमकांतभाऊंसकट.

योसेफ वर चढला, पत्रे चाचपून उतरला आणि पडवीच्या मधल्या पाइपाकडे बघत राहिला. पाइप वाकला होता. हातभर अंतरानं दोन जागी त्याचा रंग घासून गेला होता. आप्पांनीही ते पाहिलं आणि त्यांना झोका आठवला.

ह्या पडवीपायी त्यांनी अंगणातला निंब तोडला होता. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, लेक रूपाली माहेरी आली, आता झोका बांधायचा कुठं? लेक आली नि दारात झोका नाही, तर गाव काय म्हणेल! आप्पांनी दोर ह्याच पाइपाला बांधला. रूपाली झुलली, तिच्या मैत्रिणी झुलल्या, शेवटी आप्पांची बायको धनुबाई बसली. धनुबाई म्हणजे काही शेवग्याची शेंग नव्हती. चार दिवस छप्पर कुरकुरत होतं आणि आप्पा खाली कौतुकानं हसत होते. काम संपवून निघताना योसेफनं बजावलं होतं, "आप्पा, ह्या पाइपाला काही टांगू नका हं."

योसेफनं घासलेल्या जागेवरून बोट फिरवलं, आप्पांच्या तोंडाकडे एकदा पाहिलं आणि म्हणाला, "हादऱ्यानं स्क्रूचे वॉशर फाटलेत, पत्र्याची भोकं मोठी झालीत. नीट करून देतो."

"म्हणजे चूक तुन्हीच ना?" हेमकांतभाऊ म्हणाले.

योसेफ पिशवीतून नवे वॉशर काढू लागला. त्यानं शिव्या घातल्या असत्या तर आप्पांनी दामदुपटीनं फेडल्या असत्या. पण गप्प राहणाऱ्या माणसाला काय द्यायचं?

धनुबाई चहाचं ताट घेऊन दारात उभी होती. "तुम्ही सांगतस का मी सांगू?"

टपरीवरून तापीपलीकडे जाणारा आप्पांचा आवाज आता ओठांपाशीच अडकला. "झोका मीच बांधा व्हता. यानी नको सांगेल व्हतं."

"जोरमा सांगा आप्पा," शेजारचा सुपडू खिदळला, "टपरीपावत जाऊ द्या!"

आप्पांचे कान तापले. त्यांनी पुन्हा सांगितलं, ह्या खेपेला मोठ्यानं. मग हेमकांतभाऊंकडे न बघताच म्हणाले, "गोठानं काम यालेच द्या, भाऊ."

योसेफनं चहा संपवला आणि शिडीवर पाय ठेवला. शिडी डुगडुगली. "आप्पा, जरा धरता का?"

आप्पांनी दोन्ही हातांनी शिडी धरली. दुपारपर्यंत येणारेजाणारे बघत होते. आप्पांची नजर मात्र शिडीच्या खालच्या पायरीवरून हलली नाही.