बोअरची गाडी फाट्यावर पंक्चर झाली ते साल

आमचं गाव तलवाड्याच्या वाटेवर. उन्हाळ्यात इथं एक कावळा दुसऱ्याच्या सावलीत उडतो. पटत नसेल तर येऊन बघा, पाणी मात्र घरून आणा. पाऊस पूर्वी चार महिने मुक्कामाला असायचा. हल्ली एका दुपारी येतो, बांध फोडतो, माती नेतो आणि वर्षभर तोंड दाखवत नाही. उरलेलं पाणी जमिनीच्या पोटात, आणि त्या पोटावर अख्ख्या गावाचा डोळा.

आमच्या दादाची, म्हणजे थोरल्या भावाची, मोसंबीची बाग विहिरीवर होती. दादा वहिनीपेक्षा झाडांशी जास्त बोलायचा. वहिनी म्हणायची, झाडं निदान ऐकून तरी घेतात. शेजारीपाजारी खोल बोअर पडले की ती विहीर आटणार, हे आम्हा सगळ्यांना ठाऊक होतं.

माझी लेक कॉलेजात अर्थशास्त्र शिकवते. दिवाळीला आली तेव्हा तिनं देवळात माणसं जमवली आणि म्हणाली, गेम थिअरी खेळू. प्रत्येकाला दोन मोसंब्या. हवी तर टोपलीत टाका, हवी तर ठेवून घ्या. टोपलीत पडेल त्याच्या दुप्पट करून सगळ्यांत सारखी वाटणार.

पहिल्या डावाला टोपली शिगोशीग भरली. दुसऱ्या डावाला निम्मी, आणि शंभर खिसे फुगलेले. तिसऱ्या डावाला टोपलीच गायब झाली.

"पोरी," सरपंच म्हणाले, "हे तर आमी जन्मल्यापासून खेळतोय. तुला ह्याचा पगार देतेत व्हय?"

देऊळ हसून हसून हाललं. लेक मात्र हसली नाही. "काका, पाण्याचंबी हेच हाय. दुसरा थांबंल याचा भरवसा न्हाई, म्हणून कुणीच थांबत न्हाई."

"मग भरवसा बांधू," दादा उठला. त्यानं देवापुढचा बेलभंडारा आणला. आमच्याकडं बेलभंडारा उचलून दिलेला शब्द मोडला तर घर बसतं, अशी पक्की समजूत. एकेकानं उचलला आणि बोलला, मी नवा बोअर घेणार नाही. लेक निघाली तेव्हा एस्टीत चढेपर्यंत वळून वळून बघत होती. आपण दुष्काळ जिंकला असं तिला वाटलं असावं. मलाही वाटलं.

हिवाळाभर शब्द टिकला. शिमग्याच्या आधी मात्र गेवराईकडं निघालेली बोअरची गाडी आमच्या फाट्यावर पंक्चर झाली. गाडी एवढी लांब, की तिचं तोंड चहाच्या टपरीवर आणि शेपूट पुढच्या तालुक्यात. ड्रायव्हर तमिळ मुलखातला, त्याला मराठी येईना.

"कुणाकडं आलाय बे?" टपरीवाल्यानं विचारलं.

त्यानं बिचाऱ्यानं टायरकडं बोट दाखवलं. टायरच्या नेमकं मागं सरपंचाचं शेत. सरपंच त्या दिवशी कपिलधारला दर्शनाला गेलेले, त्यामुळं नाही म्हणायलाही कुणी नव्हतं.

चहा गार व्हायच्या आत गावात बातमी. "सरपंच घेनारच हाय, मग म्या कावून थांबू?" जो तो हेच म्हणत फाट्याकडं पळाला. आणि बेलभंडाऱ्याचं? "बेल म्या उचललाय, कारभारनीनं न्हाई." बोअर बायकांच्या नावानं पडू लागले. संध्याकाळी सरपंच प्रसाद घेऊन परतले, तेव्हा लिंबाची झाडं दगडाच्या भुकटीनं पांढरी झालेली.

"आरं, मी तर बोलावलीच न्हवती," ते म्हणाले. मग त्यांनी प्रसाद वाटला आणि बोअरसाठी नंबर लावला.

मी दादाकडं गेलो. "दादा, वहिनीच्या नावानं घेऊ. समदे घेतेत."

"आन समदे थांबले असते तर?"

"तर मीबी थांबलो असतो की."

"तसं तर कुनीबी थांबतं," दादा म्हणाला आणि बागेला पाटाचं पाणी सोडायला निघून गेला.

वैशाखात विहीर आटली. दादानं टँकर आणले, खोडांना ओली पोती गुंडाळली. तरी शेंड्यापासून झाडं वाळत खाली आली. पुढच्या उन्हाळ्यात बाकीच्यांच्या बोअरनीही नुसता फुफाटा ओकला. शब्द पाळणारा आधी वाळला, मोडणारे मागून, एवढाच काय तो फरक.

बाग तोडायच्या दिवशी लेक आली होती. बांधावर उभी राहून तिनं विचारलं, "मोठे बाबा, तुमी का न्हाई घेतला?"

"घेतला असता तर एक साल जास्त टिकली असती," दादा कुऱ्हाडीला दगड लावत म्हणाला. "मग हेच."

तिच्या कॉलेजच्या फळ्यावर यापुढचा डाव नसावा.

बोअरच्या गाड्या अजूनही हायवेनं जातात. फाट्यावर कुणी मान वर करून बघत नाही. आता गावात बेलभंडाऱ्याचा शब्द अगदी तंतोतंत पाळला जातो. खाली काही उरलेलंच नाही.