मनूचे टॉन्सिल आणि चमचाभर दही

"टॉन्सिल काढावे लागतील," घशाचे डॉक्टर म्हणाले. मनू माझी लेक, सहा वर्षांची. टॉन्सिल एवढे सुजलेले, की झोपेत तिचा श्वास मध्येच थांबायचा.

ऑपरेशनच्या आदल्या दिवशी भूल देणाऱ्या डॉक्टरबाईंनी विचारलं, "एसटीत उलटी होते का हिला?"

"होते की! मंद्रूपला आत्याच्या गावी पोचेपर्यंत पिशवी हातातच असते."

"मग ऑपरेशननंतरही होऊ शकते. ऑन्डान्सेट्रॉन देऊ, म्हणजे उलटी थांबवणारं औषध, सलाइनमधून. आणि रात्रीच्या जेवणानंतर पोटात अन्न नको, दूध नको."

सकाळी नणंदबाई मंद्रूपहून आल्या. निघताना त्यांनी मनूच्या हातावर दहीसाखर ठेवली. मी बघितलं, पण ते खाणं आहे हे डोक्यातच आलं नाही.

ऑपरेशन थिएटरच्या दाराशी डॉक्टरबाईंनी विचारलं, "सकाळपासून काही खाल्लं-प्यायलं का हिनं?" मी छातीठोकपणे म्हणाले, "काहीच नाही." त्या मनूपुढं वाकल्या. "खरंच काही नाही, बाळा?"

"दहीसाखर. आत्यानं दिली."

नणंदबाई म्हणाल्या, "अगं बाई, ते काय खाणं हाय व्हय? शकुन असतोय त्यो!"

डॉक्टरबाई हसल्या नाहीत. "भुलीत पोटातलं वर येऊन फुप्फुसात गेलं तर जिवावर बेततं. त्याला ॲस्पिरेशन म्हणतात. आज ऑपरेशन नाही."

मी मनूला कवटाळलं. पोर बोलली नसती तर? नणंदबाई भिंतीला टेकून खालीच बसल्या. घरी आल्यावर मी दिवसभर मनूला नजरेआड होऊ दिलं नाही.

दुसऱ्या दिवशी उपाशीपोटी ऑपरेशन झालं. मनूला कुशीवर झोपवून बाहेर आणलं. थोड्या वेळानं तिला एक उलटी झाली, काळपट. मी किंचाळलेच. सिस्टर म्हणाल्या, "घाबरू नका, गिळलेलं जुनं रक्त आहे. लालभडक आलं, किंवा ती सारखी गिळत राहिली, तर आत रक्त येत असेल, लगेच हाक मारा." मी तिच्या गळ्यावरून नजर हलवली नाही. नंतर उलटी झाली नाही. संध्याकाळी गार पाण्याचे घोट पोटात टिकले, तेव्हा कुठं मी पाठ टेकली.

तुमच्या लेकरावर ही वेळ आली, तर त्याच्या तोंडात गेलेला कणन् कण डॉक्टरांना सांगा. लाजू नका.

घरी निघताना मी डॉक्टरबाईंच्या पाया पडायला वाकले. त्यांनी मला धरलं. "माझ्या कशाला? हिचे आभार माना. तुम्ही सगळे नाही म्हणत होता, हिनं खरं सांगितलं."

मी मनूला थँक्यू म्हणाले आणि तिथंच हुंदका फुटला. घसा दुखत होता, म्हणून तिनं नुसते माझे डोळे पुसले.