पाण्याचा पेला धरून थांबलेले मामा

मामांना जाऊन आज वर्ष झालं, आणि माझा त्यांच्यावरचा राग अजून गेलेला नाही.

मामा म्हणजे माझे सासरे. देवगाव रंगारीकडचे. सगळा जन्म मेंढरांमागे गेला. गुडघे थकले तेव्हा मेंढरं विकली आणि आमच्याकडे शहरात, चिकलठाण्याच्या फ्लॅटवर राहायला आले.

आमचा मुलगा मल्हार तेव्हा दीड वर्षाचा होता. एक शब्द बोलत नव्हता. 'आई'सुद्धा नाही.

मी म्हटलं, डॉक्टरला दाखवू.

मामा म्हणाले, "ह्याचा बाप चार वर्षाचा झाल्यावर बोलला. आता कंपनीत सायबाला बोलू देत नाय. काय होत नसतं माय, थांब जरा."

नवऱ्याने मान डोलावली आणि शिफ्टला निघून गेला.

मग घरचे उपाय. वेखंड उगाळून जिभेला लावलं. गावाहून पोपटाने चोच मारलेला पेरू आला. पोपटाचं उष्टं खाल्लं की लेकरू बोलतं म्हणे. मल्हारने पेरू आवडीने खाल्ला. बोलला नाही.

मी वर्षभर थांबले. मोठ्यांचा शब्द मोडायचा नसतो, असं माहेरी शिकवलं होतं ना.

गुगल काय सांगतंय ते बाथरूममध्ये जाऊन वाचायचे. बर्थडे पार्ट्या टाळायला लागले. तिथे कोणीतरी हमखास विचारायचं, "अजून बोलत नाही का हा?"

अडीच वर्षांचा झाला आणि एक दिवस कोणालाच न विचारता त्याला उचललं. क्रांती चौकाजवळ एका स्पीच थेरपिस्टकडे गेले. आधी कानांची तपासणी झाली. कान चांगले होते.

मॅडमनी विचारलं, "पाणी हवं असलं की काय करतो?"

"काहीच नाही. त्याच्या आधी आजोबांना कळतं."

खरंच कळायचं. मल्हारने नुसती मान वळवली तरी मामा ओळखायचे, तहान लागलीय की झोप आलीय. त्याचा त्यांना केवढा अभिमान. "मुक्या जनावराचं दुखणं कळतंय मला, लेकराचं कळणार नाय व्हय?"

मॅडम म्हणाल्या, यात कोणाची चूक नाही. पण आता त्याला मागायची संधी द्या. पेला दाखवा, 'पाणी' म्हणा आणि थांबा. मनात दहा मोजा. आवाज, खूण, काहीही आलं की लगेच द्या.

आणि हेही म्हणाल्या, "वर्षभर आधी आला असतात तर बरं झालं असतं."

हे वाक्य मी घरी येऊन जसंच्या तसं मामांना ऐकवलं.

मामा भडकले. "लेकराला पाण्यासाठी तरसवायचं? ही कोणती विद्या काढली?"

आठ दिवस माझ्याशी बोलले नाहीत. घरात आधीच एक जण बोलत नव्हता, आता दोघं झाले.

मी एकटीच जायचे. शेअर रिक्षात मांडीवर मल्हार, खांद्याला पिशवी. वेटिंग रूममध्ये बाकीचे आईबाप जोडीने आलेले असायचे. मी मोबाईलमध्ये काहीतरी महत्त्वाचं असल्यासारखी बघत बसायचे.

मग एका गुरुवारी मामा टोपी घालून दारात उभे.

"चल. बघू दे तुझी बाई काय करती ती."

थेरपीच्या खोलीत ते भिंतीला टेकून बसले. मेंढरांचं मी मॅडमना आधी सांगितलं होतं. त्यांनी सहज विचारलं, "बाबा, मेंढरांना हाक कशी मारायचात?"

मामा लाजले. माझ्याकडे तिरकं बघून म्हणाले, "सुनंपुढं असले आवाज काढत नसतेत."

मी दाराबाहेर जाऊन उभी राहिले.

आतून आवाज आला. "हुर्रर्र... ह्यो, ह्यो, ह्यो."

मी फटीतून बघितलं. कोणाच्या तोंडाकडे कधी न बघणारा मल्हार मामांच्या ओठांकडे टक लावून बघत होता. त्याने स्वतःचे ओठ पुढे काढले. आवाज आला नाही, पण ओठ पुढे आले.

त्या दिवसापासून थेरपी आम्हा दोघांची झाली. मामा सुनेपुढेही हाका मारायला लागले.

पाण्याचा पेला धरून मामा थांबायचे. मल्हार रडवेला झाला की तोंड भिंतीकडे फिरवायचे.

"मामा, थांबा."

"थांबलोय ना माय. तू मोज लौकर."

पाचव्या की सहाव्या आठवड्यात मल्हार "पा" म्हणाला.

मामांनी पेला दिला आणि गॅलरीत गेले. बराच वेळ पाठमोरे उभे होते. आत आले ते डोळे पुसूनच.

म्हणाले, "माझ्यामुळं साल वाया गेलं तुझं."

'जाऊ द्या मामा' म्हणता आलं असतं. नाही म्हटलं.

पुढे ते गावी गेले की रोज संध्याकाळी फोन यायचा. "आज नवीन काय बोललं?"

नवरा, नणंद, माझी आई, कोणीच हा प्रश्न मला कधी विचारला नाही.

मी सांगायचे, "टोपी." ते पलीकडून मोठ्याने म्हणून बघायचे. "टोपी. बेस हाय."

मग एका सकाळी गावाहून फोन आला, तो मामांचा नव्हता. झोपेतच गेले.

तिथीने वर्षश्राद्ध मागच्याच आठवड्यात झालं. सगळे गावी जमले होते. मल्हार अंगणात पोरांशी भांडत होता, चांगलं पूर्ण वाक्यांत.

मोठी नणंद म्हणाली, "बोललं ना शेवटी? तू उगं चकरा मारल्या. बोलायचंच होतं लेकरू."

सगळ्यांनी माना डोलावल्या. मी सवयीने मामा बसायचे त्या ओट्याकडे बघितलं. तिथे पाहुण्यांच्या पिशव्या ठेवल्या होत्या.

मामा, ते साल तुमच्यामुळेच गेलं. आजही मी तेच म्हणेन.

पण नंतरचा एकेक शब्द आपण दोघांनी मिळून आणलाय. हे माहीत असलेलं माणूस आता मी एकटीच उरलेय.

तेव्हा म्हणायचं राहिलं, ते आज इथे लिहून सगळ्यांसमोर म्हणते.

जाऊ द्या मामा.

तुमच्या सुनेचा मनापासून नमस्कार.