तांड्यावर पडलेला बर्फ

डायरेक्टरीण कोणाशीही बोलायला आली, की आधी त्याला बसल्या जागेवरून उठवायची. "मॅडम, जराशा इकडे सरका. सारा उजेड तुमच्या नाकावर पडून राह्यला." मी सरकले की मान तिरकी करून बघायची आणि म्हणायची, "हां, आता बोला." बोलायचं असायचं तिलाच. दूधवाला, पोस्टमन, शेजारच्या काकू, कोणीच यातून सुटलं नाही. तुमच्या आजोबांनी दाढीचा आरसा भिंतीवरून काढून खिडकीत टांगला, तो तिच्याच हुकमावरून. डायरेक्टरीण हे नाव तिला गल्लीने दिलं आणि ते तिने पदवी मिळाल्यासारखं मिरवलं.

मुलांनो, परवा तुम्ही दोघांनी पोशाख चढवून काढलेले फोटो पाठवलेत आणि खाली लिहिलंत, 'आजी, याला कॉस्प्ले म्हणतात.' मला ते ठाऊक होतं. गोष्टीतल्या पात्राचा पोशाख आपल्या हातांनी करायचा, तो अंगावर चढवायचा आणि त्या पात्रासारखं उभं राहायचं, हे मला दिग्रसमध्ये याच मुलीने समजावलं होतं. ती जवळच्या बंजारा तांड्यावरची. कॉलेजसाठी आमच्या मागच्या खोलीत राहायची आणि संध्याकाळी माझ्याकडे इंग्रजी शिकायला यायची.

तिला वेशभूषा शिकायला मोठ्या शहरातल्या एका कॉलेजात जायचं होतं. त्यांनी अर्जासोबत स्वतः केलेल्या कामाचे फोटो मागवले होते. तिची आई, तिची याडी, कष्टाळू आणि शब्दाची पक्की बाई. तिने माझ्यासमोरच सांगून टाकलं होतं, "एक डाव करून पाह्य. नाई झालं तर या उन्हाळ्यात लगन." डायरेक्टरीण यावर एरवीसारखी फटकन बोलली नाही, म्हणून मला कळलं की ती घाबरली आहे.

पात्र तिने निवडलं होतं एका जपानी चित्रकथेतलं. बर्फाळ देशाची पांढऱ्या केसांची सेनापतीण. चिलखतासाठी तिने तेलाचे पत्र्याचे डबे कापून, ठोकून, घासून पार रुपेरी केले. केसांसाठी पांढऱ्या सुताच्या लडी आणल्या. याडीच्या जुन्या कांचोळीचे, म्हणजे बंजारा चोळीचे, आरसे उसवून झग्याला लावले. त्यावरून घरात जे झालं ते मी इथे लिहीत नाही.

"पण बर्फ कुठून आणणार?" मी विचारलं.

"जिनिंगात ढीगच्या ढीग पडून हाय मॅडम. तुमी फक्त परवानगी आना."

जिनिंगचा, म्हणजे कापसातली सरकी काढायच्या कारखान्याचा, मॅनेजर माझा जुना विद्यार्थी, त्यामुळे परवानगी लगेच मिळाली. पुढचे काही दिवस ती सकाळी, दुपारी, संध्याकाळी त्याच एका कापसाच्या ढिगापाशी जाऊन उभी राहायची. काठीवर मडकं उपडं घालून ते आपलं डोकं समजायची आणि त्यावर उजेड कसा पडतो ते बघायची. शेवटी तिने निकाल दिला, "उनात कापूस तो कापूसच दिसते. सावलीत निळा पडते, तवा बर्फ दिसते." म्हणजे उजाडलेलं हवं, पण शेडच्या आडून सूर्य वर आलेला नको. मी माझ्या सवयीने त्या सकाळचं वेळापत्रक करून दिलं. तिने ते वाचलं आणि म्हणाली, "मस्त हाय. आता थोडं सूर्याले बी दाखवून या."

फोटो काढायला आमच्या चौकातले स्टुडिओवाले काका तयार झाले. लग्नाचे फोटो काढण्यात हयात गेलेला माणूस. फ्लॅश लावायचा नाही म्हटल्यावर त्यांचा चेहरा पडला. "अवो मॅडम, फ्लॅशशिवाय माह्या हातून आजवर बारसं नाई निघालं!"

"काका, फ्लॅश मारला का माह्या बर्फाचा कापूस होते," डायरेक्टरीण म्हणाली. तिने त्यांचा फ्लॅश काढून घेतला आणि माझ्या पर्समध्ये ठेवून चेन लावली.

ठरल्या सकाळी आम्ही तिघं जिनिंगच्या फाटकातून आत गेलो, तर आवार रिकामं. काळी माती आणि कुंपणाला चिकटलेले चार पुंजके. चौकीदार म्हणाला, "भाव पडला ना पोरी. गाड्यांचं येनं बंद झालं. होता तो माल कालच मशीनवर घातला." तेव्हाची ती सालं तशीच होती. भाव पडला की बाजार ओस, आणि का पडला ते कोणालाच सांगता येत नसे.

अर्जाची मुदत संपत आली होती. डायरेक्टरीण चिलखतासकट वजनकाट्यावर बसली. काकांनी कॅमेरा बॅगेत ठेवला. ती कुंपणावरचे पुंजके मोजत बसली. मग एकदम उभी राहिली. "इकला नाई, तर कापूस गेला कुठी? घरातच असन ना!"

खरंच होतं. तांड्यावर पोहोचलो, तर घरोघर कापूस आढ्याला टेकलेला. माणसं ओसरीवर झोपत होती आणि कापूस खोलीत. डायरेक्टरिणीने कापूस पहाटे बाहेर पसरायचा बेत सांगितला, तशी याडी कमरेवर हात ठेवून उभी राहिली. "येड लागलं का तुले? पहाटीचं दव पडते. वला माल कोन घेईन, तुहा बाप?"

"याडी, मले उजेड तवाच भेटते."

"तुह्या उजेडासाठी मी माल नासवू?"

 डायरेक्टरिणीने मान फिरवली. तांड्याच्या मावळतीला टेकडी आहे. ती टेकडीकडे बघत राहिली आणि हळूच म्हणाली, "अन् संध्याकाळी? सूर्य टेकडीमागं गेल्यावर, दव पडाच्या आंधी?"

याडीनेही टेकडीकडे पाहिलं. "दवाच्या आंधी माल आत पाह्यजे. एक बोंड बी बाहेर राह्यलं तर पाह्य." एवढं बोलून तिने स्वतःच पहिलं गाठोडं डोक्यावर घेतलं.

तिचं गाठोडं निघालेलं पाहून बाकीच्या घरांतूनही कापूस निघाला. पण एकीचा दुसरीत मिसळायचा नाही, ही अट. म्हणून प्रत्येकीने आपलं लुगडं किंवा ताडपत्री अंथरून त्यावर आपला ढीग घातला. पहिल्या वेचणीचा कापूस पांढराशुभ्र, शेवटच्या वेचणीचा पिवळट. डायरेक्टरिणीने पिवळट ढीग मागे न्यायला लावले, तशी एक मावशी भडकली. "माहा कापूस मांगं काहून? तिचा काय सोन्याचा हाय?"

"मावशी, तुमचा डोंगर हाय," डायरेक्टरीण म्हणाली. "डोंगर कदी पुढं उभा रायते का?"

मावशीने दोन गाठोडी आणखी आणून डोंगर उंच केला.

सूर्य टेकडीमागे गेला. आभाळात उजेड होता, जमिनीवर सावली पसरली आणि खरोखर, त्या मैदानावर निळसर थंडी उतरली. ढिगांमधल्या लुगड्यांच्या रंगीत कडा दिसू नयेत म्हणून काका पोटावर आडवे झाले. डायरेक्टरीण ढिगांमध्ये जाऊन उभी राहिली. साठवलेल्या कापसाने अंगाला काय खाज सुटते, ते विदर्भातल्या माणसाला सांगायला नको. तिच्या मानेवर लाल चट्टे उठलेले मला इतक्या लांबून दिसत होते. पण सेनापतीण हलली नाही. झग्यावरच्या आरशांनी आभाळ टिपलं आणि ते बर्फाच्या कणांसारखे चमकले.  कॅमेऱ्याचा खटका तेवढा ऐकू येत होता.

"दव!" याडी ओरडली आणि सगळा तांडा ढिगांवर तुटून पडला. डायरेक्टरीणही चिलखतासकट गाठोडी वाहत होती. शेवटचं बोंड आत गेल्यावर काकांनी कॅमेऱ्याच्या छोट्या पडद्यावर फोटो दाखवला. फ्लॅशविना आपण हे काढलं, यावर त्यांचाच विश्वास बसत नव्हता. याडीने पडदा डोळ्यांजवळ नेला, दूर धरला, पुन्हा जवळ नेला. मग कपाळावर हात मारून माझ्याकडे वळली.

"आता सांगा मॅडम, इच्या जोडीचा नवरा मी कुठून आनू?"

लग्नाचा विषय त्या वर्षी पुन्हा निघाला नाही. कॉलेजात मुलाखत घेणाऱ्यांनी तिला विचारलं, बर्फासाठी किती लांब जावं लागलं? "घरी," ती म्हणाली. त्यांना ते समजलं नाही, पण प्रवेश मिळाला. दिग्रसच्या स्टँडवर तिला निरोप द्यायला तांडा लोटला होता, आणि डोंगरवाली मावशी कंडक्टरला बजावत होती की पोरीला खिडकीची जागा दे. मी मात्र घरी परतल्यावर मागच्या खोलीला कुलूप लावलं आणि तिथे पुन्हा कोणालाच ठेवलं नाही.

आता ती दूरच्या शहरात नाटकांचे पोशाख करते. त्या वर्षी कापसाला शेवटी काय भाव मिळाला, ते मी तांड्यावर एकदा विचारलं होतं. कोणाला आठवेना. याडीने थोडा विचार केला, मग बाजूच्या बाईला म्हणाली, "अवं, बर्फाच्या सालचं इचारून राह्यल्या मॅडम."