बाटलीतला दगडीपाला

लेकीनं दिलेल्या निर्जंतुक बाटलीत मी थुंकलो. एकदा नाही, बाटली भरेपर्यंत.

आम्ही सांगलीला राहतो; लेक तिथंच सूक्ष्मजीवशास्त्र शिकते. रानातल्या पाल्याच्या रसानं जंतू मरतात का, हा तिचा प्रकल्प. आमच्या मेढ्याकडच्या गावात जखमेवर दगडीपाला लावतात, हे मी घरात इतक्यांदा ऐकवलं होतं, की शेवटी तिनं तोच घेतला. पाला वाळवून अर्क ती कॉलेजात काढणार होती. तुलनेसाठी म्हणाली, "बाबा, थोडा रस गावच्या पद्धतीनं काढून आणा. अगदी तुम्ही करता तसाच."

तसाच म्हणजे तसाच. रानात कुणाला विळा लागला, की आम्ही पाला तोंडात टाकतो, चावतो आणि लगदा जखमेवर थापतो. बांधावर बसून मी तासभर चावत होतो. खरखरीत, कडूजार. जनावरं घेऊन निघालेली चुलती थांबली.

"व्हय रं, एवढा शिकलायस आन् बाटलीत थुकतुयास?"

"काकी, संशोधन हाय."

सांगली येईपर्यंत बाटली खिशात चांगली ऊब खात होती.

दोन दिवसांनी लेकीनं प्रयोगशाळेत बोलावलं. जंतू पसरलेल्या काचेच्या बशीत रसात भिजवलेली कागदाची टिकली ठेवायची. रसात दम असेल तर टिकलीभोवती स्वच्छ कडं उरतं. तिच्या अर्काभोवती ते होतं. माझ्या टिकलीपासून मात्र पिवळट, शेंबडासारखी साय बशीभर पसरली होती. ती नको नको म्हणेपर्यंत मी झाकण उचललं. तुंबलेल्या मोरीचा वास!

"यात काय घातलंत?"

"काही नाही. चावून काढलाय."

"चावून? दगडावर ठेचतात ना?"

"दगड हाताशी असला तर."

तिनं स्वतःच्या गुडघ्याकडं पाहिलं. "मी सायकलवरून पडले होते, तेव्हा?"

"तेव्हाही."

ती हात धुवायला गेली. प्रकल्प द्यायला आठ दिवस उरले होते आणि अर्धी तुलना माझ्या थुंकीत बुडाली होती.

घरी येऊन चारदा दात घासले, तरी ती साय जिभेवरून हटेना. दह्याची वाटी तशीच बाजूला सारली. रोज आमटी पळीनं चाखून पळी परत पातेल्यात बुडवणारा मी, त्या दिवशी स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावरच थांबलो.

दुसऱ्या दिवशी पुन्हा एसटीनं गाव गाठलं. दगड उकळत्या पाण्यानं घासला, तोंडाला फडकं बांधलं आणि पाला ठेचला. लेकीनं तो रस बारीक गाळून बशीत लावला. या वेळी कडं उमटलं. बारीकसं, पण उमटलं. प्रकल्प वेळेत गेला.

संध्याकाळी लेकीनं दोन्ही बशांचे फोटो आईला दाखवले. बायकोनं ते निरखून पाहिले, मग गॅसवरच्या पातेल्याकडं पाहिलं आणि म्हणाली, "अहो, आमटीच्या चवीचं श्रेय इतकी वर्षं मी उगाच मसाल्याला देत होते."