काश्मीरला गेलेली तालमीची माती

आमच्या तालमीच्या फुटबॉल संघाला श्रीनगरहून एका सामन्याचं बोलावणं आलं, त्या संध्याकाळी कट्ट्यावर पहिला प्रश्न दूधवाल्यानं विचारला, "तितं म्हस मिळंल का?"

कोणी हसलं नाही. रोज संध्याकाळी त्याच्या दोन म्हशी आमच्या कट्ट्यासमोर येऊन उभ्या राहतात आणि सराव आटोपलेली पोरं डोळ्यांदेखत काढलेलं दूध पिऊनच घरी जातात. म्हशीच्या दुधाशिवाय आमचा संघ कधी खेळलेलाच नव्हता. तालीम मूळची कुस्तीची. आत लाल मातीचा आखाडा अजून आहे आणि पहाटे त्यात जोर-बैठकाही चालतात. पण कोल्हापुरातल्या इतर तालमींप्रमाणे आमचीही सगळी इज्जत आता फुटबॉलवर आहे.

मी या पेठेतला नाही. मी शाहूवाडीकडचा, भातशेती करणाऱ्या घरातला. आमच्या घरात पदवी मिळवणारा मी पहिलाच. शिकायला कोल्हापुरात आलो, तालमीच्या मागच्या गल्लीत खोली घेतली आणि पुढं इथल्याच एका कॉलेजच्या ऑफिसात क्लार्क झालो. कट्टा मला 'साहेब' म्हणू लागला तो निम्मा चेष्टेनं आणि निम्मा गरजेपोटी. अर्ज, परवानगीची पत्रं आणि लीगसाठी दर मोसमात भरायचा खेळाडूंच्या नोंदणीचा फॉर्म, हे सगळं माझ्याकडं असायचं. या लोकांनी मला काम दिलं म्हणून मी त्यांचा झालो, असं मला अजूनही वाटतं.

तेव्हा तो फॉर्म माझ्या बॅगेतच होता. बाकीची नावं लिहून झाली होती. गोलकीपरची पहिली ओळ तेवढी कोरी होती.

आमचा गोलकीपर मीच आणलेला. तोही शाहूवाडीकडचा, आमच्या कॉलेजातला. त्याला मी पहिल्यांदा पाहिलं ते मैदानावर नव्हे, तर गावाकडं मळणीच्या वेळी. खालून भाताच्या पेंढ्या फेकल्या जात होत्या आणि हा गंजीवर उभा राहून त्या झेलत होता. एकही पेंढी खाली पडत नव्हती. मी त्याला तालमीत घेऊन आलो. हातमोजे त्यानं आयुष्यात पहिल्यांदा इथं घातले. दोन मोसम तो चांगला खेळला. पण मागच्या मोसमात पलीकडच्या पेठेविरुद्ध शेवटच्या सामन्यात एक सोपा गोल त्याच्या पायांमधून गेला आणि तेव्हापासून कट्टा त्याच्या मागं लागला होता.

"पेठंतलं पोरगं उभं करा आता," दूधवाला म्हणायचा. "पावण्याला किती दिवस जेवाय घालायचं?"

वस्तादांनी निकाल दिला. वस्ताद म्हणजे तालमीतला अखेरचा शब्द. वय पंचाहत्तरच्या पुढं, कान कुस्तीत मोडलेले. ते म्हणाले, "काश्मीरातनं येऊ दे. तितं टिकला तर त्याचं नाव लिव्हायचं, न्हाईतर ती वळ दुसऱ्याला. साहेब, तोवर ती मोकळी ठेवा."

मी ती ओळ मोकळी ठेवली.

पोरांपैकी कोणीच कधी बर्फ पाहिला नव्हता. माहिती काढायची जबाबदारी माझ्यावर आली. शोधता शोधता मला मोबाइलवर आयर्लंडमधल्या एका क्लबच्या चाहत्यांची जुनी चर्चा सापडली. त्यांचा संघ ऐन हिवाळ्यात रशियात खेळायला निघाला होता आणि ही मंडळी आठवडाभर त्यावरच बोलत होती. माझं इंग्रजी गावातल्या शाळेतलं. शब्द अडला की थांबून अर्थ बघायचा, अशी सवय. दोन दिवस बसून ते सगळं वाचलं आणि कट्ट्यावर मराठीत सांगितलं.

"आयर्लंड म्हंजे कुटं आलं?" दूधवाल्यानं विचारलं.

"इंग्लंडच्या पलीकडं. मधे समुद्र."

"म्हंजे पलीकडची पेठ. मग इंग्लंडबरुबर त्यांचं जमत नसंल."

"ते कसं कळलं तुला?"

"शेजारी म्हटल्यावर कळाय काय लागतंय?"

मी पुढं वाचलं. एकानं लिहिलं होतं, बायकोला कंपनीच्या कामाला चाललोय म्हणून सांगितलंय. दुसऱ्यानं लिहिलं होतं, आम्ही तिथं हरणार हे लहान मूलसुद्धा सांगेल, पण तिकीट काढलंय. तिसरा त्या दोघांना शिव्या देत होता, कारण त्याला रजा मिळाली नव्हती.

"ही आपलीच माणसं हायती की!" चाचा म्हणाले. चाचांचं कोपऱ्यावर टेलरिंगचं दुकान. तीस वर्षं संघाच्या जर्सी तेच शिवत आले आहेत. "ते रजा न मिळालेलं सोडून बाकीच्यांस्नी हिकडं बोलवा. कापडाचं माप घेतो."

"कामाचं काय लिव्हलंय का नुसतीच गप्पाष्टकं?" वस्तादांनी विचारलं.

कामाचंही होतं. मोज्यावर प्लास्टिकची पिशवी, तिच्यावर दुसरा मोजा. अंगात एक जाड कपडा घालण्यापेक्षा तीन पातळ. मी ते यादीत उतरवलं. चाचांनी जर्सीच्या आत घालायला अस्तराचे बनियन शिवून दिले. बाहेरचे प्रीपेड फोन तिकडं चालत नाहीत, हे मला ऑफिसातल्या एकाकडून कळलं होतं, म्हणून संघाबरोबर जाणाऱ्या मॅनेजरनं पोस्टपेड कार्ड घ्यावं, हा मुद्दा तिसरा.

चौथा मुद्दा वस्तादांनी सांगितला. "थंडीवर एकच औषद. तिळाचं त्याल कोमट करून हातापायांस्नी जिरवायचं. मैदानात उतरायच्या आदी. कुणी चुकवायचं न्हाय. लिव्हा."

मी लिहिलं. शब्दाला शब्द. खाली सही केली, तालमीचा शिक्का मारला. तालमीत वस्तादांच्या सांगण्यावर 'का' विचारत नाहीत. आणि मला तर एवढ्या मोठ्या माणसाचं म्हणणं आपल्या अक्षरात उतरतंय याचाच आनंद होता. फुटबॉलमध्ये एका माणसाचं सगळं काम हातांचं असतं, हे लिहिताना माझ्या ध्यानात आलं नाही. वस्तादांना ते सुचण्याचं कारण नव्हतं. मला सुचायला हवं होतं.

निघताना रिवाजाप्रमाणे आखाड्यातली माती बांधून दिली. सामन्याआधी प्रत्येक खेळाडू तिचा चिमूटभर टिळा लावतो. एरवी मूठभर लागते, पण लांबचा प्रवास म्हणून चाचांनी खास पिशवी शिवली आणि दूधवाल्यानं ती गच्च भरली. गाडी सुटताना गोलकीपर खिडकीतून मला म्हणाला, "दादा, माझी वळ मोकळीच हाय न्हवं? दुसऱ्याचं नाव घातलं न्हाईसा?" मी बॅग उघडून त्याला फॉर्म दाखवला.

सामना दुपारी होता. मी अर्ध्या दिवसाची रजा टाकली. तालमीतल्या टीव्हीला कोणाचा तरी मोबाइल जोडला आणि आखाड्याच्या कडेनं पन्नास-साठ माणसं दाटीवाटीनं बसली. चित्र अडकत अडकत चालत होतं. मैदानाच्या कडेला फावड्यानं लोटलेल्या बर्फाचे ढीग दिसत होते. आमच्या पोरांच्या तोंडातून वाफा निघत होत्या. समोर तिथलाच संघ. ती पोरं त्या थंडीत अशी पळत होती, जशी आमची उन्हाळ्यात पळतात.

मध्यंतराला पाच मिनिटं राहिली असताना लांबून एक साधा फटका आला. सरळ गोलकीपरच्या छातीकडं. त्यानं दोन्ही हातांत चेंडू धरला, आणि तो साबणासारखा निसटून मागं जाळ्यात गेला.

तालमीत जे काही बोललं गेलं, ते इथं लिहिता येणार नाही. दूधवाला तर उठूनच उभा राहिला. "म्या काय सांगतोय? हात हायती का पापड? साहेब, तुमच्या पावण्यानं घात केला! ती वळ आताच भरा!"

मी पडद्याकडं बघत होतो. गोलकीपर हातमोजे चड्डीला पुसत होता. पुन्हा पुन्हा. मग त्यानं एक हातमोजा काढला, तळहात नाकाजवळ नेऊन वास घेतला आणि हताश होऊन परत चढवला. त्याच क्षणी मला माझं अक्षर दिसलं. मुद्दा चौथा. हातापायांस्नी जिरवायचं. कुणी चुकवायचं न्हाय.

त्यानं चुकवलं नव्हतं. तेल हातांना लागलं, हातांनी हातमोजे चढवले, आणि तेल आत-बाहेर सगळीकडं पसरलं. आज्ञा मोडली असती तर तो वाचला असता.

गप्प बसणं सोपं होतं. एवढ्या गोंधळात कोणाला काही कळलं नसतं. बोलायचं म्हणजे भर तालमीत वस्तादांचा सल्ला चुकला असं म्हणायचं, आणि तेही बाहेरून आलेल्या माणसानं. मी उठलो.

"चूक त्याची न्हाय," मी म्हणालो. आवाज एवढा बारीक निघाला की मला परत सांगावं लागलं. "चूक त्याची न्हाय, यादीची हाय. हातांना तेल लावा असं मी लिव्हलं. गोलकीपर सोडून, असं लिव्हायचं राहिलं. त्यानं फक्त ऐकलं."

सगळे वस्तादांकडं बघू लागले. मग त्यांचे खांदे हलू लागले. ते हसत होते.

"आयला! गोलकीपरला त्याल!" ते म्हणाले. "साठ वर्सं पैलवानांस्नी त्याल लावलं म्या. ह्ये लेकरू हातानं खेळतंय, ध्यानातच न्हाय आलं." आणि एकदम हसणं थांबवून त्यांनी आखाड्याकडं बोट केलं. "त्याल लावलेल्या पैलवानाला कसं धरत्यात रं?"

"माती टाकून!" दहा-बारा जण एकदम ओरडले.

"मग माती कुटं हाय?"

"पिशवीत! गच्च भरलीया!" दूधवाला ओरडला, आणि आपण कोणाच्या बाजूनं बोलतोय हे विसरून मला म्हणाला, "लावा फोन, साहेब, काय बघताय?"

मध्यंतराची शिट्टी झाली होती. मॅनेजरचा पोस्टपेड फोन दुसऱ्या रिंगला उचलला गेला. वस्तादांनी फोन माझ्या हातातून घेतला आणि काश्मीरपर्यंत फोनशिवायही ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं सांगितलं, "हातमोजे काडाय लाव. हात पुसून माती चोळ. टिळ्यापुरती न्हाय, मूठ मूठ. आन त्याला सांग, गंजीवर हुबा हाईस असं समज. पेंढ्या येत्यात, झेलायच्या."

पेंढ्यांची गोष्ट मी वस्तादांना दोन वर्षांपूर्वी एकदाच सांगितली होती. त्यांनी ती लक्षात ठेवली होती.

उत्तरार्धात गोलकीपर उघड्या हातांनी मैदानात आला. कोपरापर्यंत लाल. पांढऱ्या बर्फासमोर ते दोन लाल हात आम्हाला अडखळत्या चित्रातही स्पष्ट दिसत होते. पहिला उंच चेंडू आला. तो उडाला, वरच्या वर झेलला आणि छातीशी धरून खाली बसला. सगळ्यांनी एकदम श्वास सोडला, तेवढाच आवाज.

मग आमची पोरं मोकळी झाली. मागची भीती गेली की पुढची पावलं कशी पडतात ते मी त्या दिवशी पाहिलं. फ्री किकवर आमच्या उंच पोरानं डोक्यानं गोल केला. चाचांनी शेजाऱ्याच्या पाठीत एवढ्या जोरात थाप मारली की तो आखाड्यात जाऊन पडला. दहा मिनिटं राहिली असताना दुसरा गोल झाला, आणि तेव्हा बाहेर बांधलेल्या म्हशीसुद्धा बिचकल्या.

शेवटची दहा मिनिटं समोरच्या संघानं आमच्या गोलसमोरच मुक्काम ठोकला. डावीकडून चेंडू, उजवीकडून चेंडू. प्रत्येक वेळी ते लाल हात वर जायचे. दूधवाला मोजत होता. "एक पेंढी! दोन! तिसरी बी घेतली!" अखेरीला सगळी तालीमच मोजत होती. आठव्या पेंढीला शिट्टी झाली. आम्ही दोन-एकनं जिंकलो होतो. काश्मीरात, बर्फात, म्हशीच्या दुधाशिवाय.

संघ परतला त्या सकाळी कोल्हापूर स्टेशनवर हलगी वाजत होती आणि प्लॅटफॉर्मवर गुलालाचा थर साचला होता. गोलकीपर सर्वांत शेवटी उतरला. त्याच्या हातांची कातडी फाटली होती आणि भेगांमध्ये अजून लाल रेषा होत्या. दूधवाल्यानं त्याला सगळ्यांच्या आधी खांद्यावर घेतलं. मी काही आठवण करून दिली नाही. तोच वर बघून म्हणाला, "लई बोललो रं तुला. आता दूध प्यायला रोज यायचं. पावणा म्हणून न्हवं."

मिरवणूक तालमीपाशी आली. पिशवीत उरलेली माती वस्तादांनी स्वतःच्या हातानं परत आखाड्यात टाकली. मग मॅनेजरकडून माझी यादी मागून घेतली. घडी पडून पडून ती मऊ झाली होती.

"चौथ्या मुद्द्यात लिव्हा, गोलकीपर सोडून," ते म्हणाले.

मी लिहिलं.

"आन त्यो दुसरा कागूद काडा."

मी बॅगेतून फॉर्म काढला आणि चाचांच्या पाठीवर टेकवून उघडला. चाचा मुद्दाम वाकून उभे राहिले. पेठेतली सगळी माणसं भोवती उभी होती आणि माझ्या पेनाकडं बघत होती. परीक्षेचे इतके पेपर लिहिले, पण असं कोणी कधी बघितलं नव्हतं.

"सावकाश लिव्हा, साहेब," चाचा खालून म्हणाले. "गुदगुल्या व्हत्यात."

मी गोलकीपरला त्याचं पूर्ण नाव विचारलं. मला ते पाठ होतं, तरी विचारलं. त्यानं स्वतःचं, वडलांचं, आडनाव असं मोठ्यानं सांगितलं, आणि मी पहिल्या ओळीत, जमेल तितक्या चांगल्या अक्षरात, ते लिहिलं.