मामांनी शिकवलेला फोन

जगाची सगळी माहिती खिशात आली, तरी तिची मुलीच्या स्थळासारखी चौकशी करणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला, तो म्हणजे कुंडलचे आमचे मामा. फौजेतून सुभेदार म्हणून निवृत्त झाल्यावर त्यांनी अर्धा जीव उसात घातला आणि अर्धा फोनमध्ये. पण काही शोधलं की पहिलं आलेलं उत्तर ते कधीच वाचत नसत. थेट खाली जात, मग पुढच्या पानावर, मग त्याच्याही पुढच्या. म्हणत, "स्थळाची चौकशी येशीजवळच्या घरात करू न्हाई. तिथली मानसं पढवून ठेवल्याली असत्यात. गल्लीच्या शेवटच्या घरात जावं." या पद्धतीने एकदा गुडघेदुखीवर शोध घेताना शेवटच्या घरी त्यांना घोड्यांच्या गुडघ्यांचा लेप सापडला. तो त्यांनी लावला. लेपाचा गुण आला असं ते सांगत. मामींचं म्हणणं, वासामुळे घरात कुणी बसू देईना, म्हणून दिवसभर रानात चालले, त्याचा गुण.

मी सांगलीच्या एका वाचनालयात नोकरी केलेला माणूस. पुस्तकं लावण्यापलीकडे मला फारसं ठाऊक नाही. तरी एकदा मी त्यांना समजावलं, की ज्या पानाकडे इतर पुष्कळ पानं बोट दाखवतात, ते वर येतं. मामांनी सुस्कारा टाकला. "म्हंजी ह्येच्यातबी वळखच लागतीय."

त्यांचं खरं दुखणं मात्र वेगळं होतं. मामींना वाचता येत नाही, आणि मुलगा पुण्यात. छातीची शस्त्रक्रिया झाल्यापासून मामांच्या मनाने घेतलं होतं, की आपल्यामागे हिला काही विचारायचं झालं तर ही कुणाला विचारणार? म्हणून त्यांनी फोन मामींसमोर धरला आणि बोल म्हणाले. मामींचं माहेर तासगावचं, भावाचा बेदाणा शेडवर वाळत होता, आणि पावसाचा एक शिंतोडा त्याला नासवायला पुरे. त्यांनी विचारलं, "उंद्या तासगावात आभाळ यील का रं?" फोनने आभाळावरची सिनेमाची गाणी काढून दिली. मामींनी फोन पदराने पुसून परत केला आणि म्हणाल्या, ह्याला शिकलेली माणसं लागतात.

तो अपमान मामांना लागला. मामींनी जरा पुस्तकी बोलून पाहावं, असं मी सुचवलं, तेव्हा मी शत्रूला चौकी सोडून द्यायला सांगतोय अशा नजरेने त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "ती का बदलंल? नवी सून घरात आली की कोन शिकतं, सून का सासू?"

मी सांगितलं, हे यंत्र लोकांनी लिहिलेलं वाचून शिकतं, आणि आपल्या बोलीत लिहितं कोण?

"मग लिवू की," मामा म्हणाले.

आणि ते लिहीत सुटले. फोन जिथे जिथे मत विचारील तिथे तिथे. साताऱ्याच्या एका खानावळीखाली त्यांनी लिहिलं, "रस्सा लय झ्याक, पर मालक हसत न्हाई." हवामानाच्या बातमीखाली लिहिलं, "गड्या, तू कालबी आसंच म्हनला हुतास." संध्याकाळी फोन पुढ्यात ठेवून, रिक्रूटला कवायत शिकवावी तसं, ते त्याला न रागावता, पण खड्या आवाजात, तासगावचं आभाळ विचारत. मामी भाकरी थापता थापता, तासगावचं माणूस एवढं ओरडत नाही, असा शेरा मारत. मग तासगावची माणसं कशी, यावर दोघांची जी जुंपे, तिच्यात आभाळ राहूनच जाई.

दिवाळीनंतर मामा गेले.

बेदाण्याच्या हंगामात मी कुंडलला गेलो. मामींनी आपण होऊन फोन उचलला आणि आपल्याच बोलीत आभाळ विचारलं. फोनने उद्याचं तासगावचं हवामान नीट सांगितलं. हे मामांच्या कवायतीमुळे झालं, की कुठेतरी कुणी काही सुधारलं म्हणून, मला सांगता येणार नाही. मामींना मात्र त्याबद्दल शंका नव्हती.

"चला मामी, एक काळजी मिटली," मी म्हटलं.

"व्हय. कळतंय की त्येला." त्यांनी फोन फळीवर ठेवला. "पर लगीच सांगून गप हुतंय. त्येंच्यागत भांडत न्हाई."